जावा सर्व्हरवर नेमके काय चालू आहे, हे कसे तपासावे

ग्लासफिश हा जावात लिहिलेली ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर. त्याच्या यादीत ॲप्लिकेशनसमोर ‘एनेबल्ड’ दिसले, तरी ते त्या क्षणी चालू असेलच असे नाही. ‘एनेबल्ड’ ही डोमेन.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमधली नोंद आहे. सर्व्हर सुरू होताना हे ॲप्लिकेशन चढवायचे (लोड करायचे), एवढाच तिचा अर्थ. चढवताना डेटाबेस मिळाला नाही किंवा एखादी क्लास (कोडचा तुकडा) सापडली नाही, तर ॲप्लिकेशन चढत नाही. नोंद मात्र तशीच राहते. निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या पतसंस्थांत किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सर्व्हर सांभाळणारे असोत, नाहीतर व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी मुले असोत, फसगत होते ती इथेच. म्हणून तपासणी यादीपाशी थांबवायची नाही. प्रोसेस (मशीनवर चालू असलेला प्रोग्राम), डोमेन (ग्लासफिशची सेटिंग आणि ॲप्लिकेशन एकत्र ठेवणारा गट), ॲप्लिकेशन, त्यातले घटक, त्यांना लागणारा डेटाबेस आणि शेवटी प्रत्यक्ष आलेले उत्तर, असे खालून वर जायचे.

समजायला एक उदाहरण धरू. एका पतसंस्थेत ‘सोसायटी’ नावाची ईअर फाइल (अनेक भाग एकत्र बांधलेले ॲप्लिकेशन) चढवलेली आहे. तिच्या पोटात तीन मॉड्यूल, म्हणजे भाग, आहेत: काउंटरवरची पाने दाखवणारे काउंटर.वॉर, संध्याकाळी पिग्मी एजंटांच्या यंत्रातून दिवसभराची जमा ओढून घेणारे पिग्मी.वॉर आणि रात्री व्याज लावणारे व्याज.जार. तक्रार अशी येते: “काउंटर उघडतंय, पण पिग्मी चढत नाही.” म्हणजे सर्व्हर चालू, ॲप्लिकेशनही वरवर चालू, पण आतला एक घटक बंद.

खाली आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. शब्दांच्या मधली आडवी रेघ गाळू नका. सुरुवातीला दोन रेघा असतील तिथे दोनच द्या. एएसॲडमिन (ग्लासफिश सांभाळण्याची आज्ञा) हे नाव मध्ये जागा न सोडता सलग लिहायचे. ही आज्ञा ग्लासफिशच्या बिन फोल्डरमध्ये असते.

प्रोसेस आणि डोमेन

पहिला प्रश्न: जावाची प्रोसेस जिवंत आहे का?

जेपीएस -एल

उत्तरात शेवटी एएसमेन असलेले लांब नाव दिसले, तर ती ग्लासफिशची प्रोसेस. तिच्या आधीचा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल. जेपीएस आज्ञा फक्त तुमच्या स्वतःच्या युजरच्या प्रोसेस दाखवते. सर्व्हर ‘ग्लासफिश’ नावाच्या युजरने सुरू केलेला असेल आणि तुम्ही दुसऱ्याच नावाने लॉगिन असाल, तर यादी रिकामी येते आणि सर्व्हर पडला असा उगाच गैरसमज होतो. अशा वेळी सुडो वापरून त्याच युजरच्या नावाने आज्ञा द्या. मशीनवर नुसता जेआरई (जावा चालवण्यापुरतेच साहित्य) असेल तर जेपीएस मिळणारच नाही. तिथे पीएस -ईएफच्या उत्तरात जावा शोधा.

मग पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर विनंत्या ऐकतो तो:

एसएस -एलटीएनपी

ग्लासफिशचे नेहमीचे पोर्ट असे: ॲडमिन कन्सोल ४८४८, एचटीटीपी ८०८०, एचटीटीपीएस ८१८१, बाहेरून बीन (काम करणारा कोडचा घटक) बोलवण्यासाठी ३७००, जेएमएससाठी (संदेशांच्या देवाणघेवाणीसाठी) ७६७६ आणि जेएमएक्ससाठी (देखरेखीसाठी) ८६८६. प्रोसेस आहे पण ८०८० नाही, असे दिसले तर बहुतेक वेळा तो पोर्ट दुसऱ्याने धरलेला असतो. टॉमकॅट हा दुसरा जावा सर्व्हरही मुळात ८०८० वरच बसतो. एकाच मशीनवर दोन्ही टाकले की जो आधी उठतो त्याला पोर्ट मिळतो. त्यामुळे ब्राउझरमध्ये पान उघडले, पण ते भलत्याच सर्व्हरचे, असेही घडते. एसएसच्या उत्तरात पोर्टासमोर प्रोसेस क्रमांक असतो (प्रोसेस दुसऱ्या युजरची असेल तर तो दिसायला सुडो लागतो). तो मघाशी लिहिलेल्या आकड्याशी जुळवून बघा.

आता डोमेन:

एएसॲडमिन लिस्ट-डोमेन्स

‘डोमेन१ रनिंग’ किंवा ‘डोमेन१ नॉट रनिंग’ असे उत्तर येते. डोमेनचे फोल्डर नेहमीच्या जागी नसेल तर --डोमेनडिर देऊन जागा सांगावी लागते. त्यानंतर एएसॲडमिन अपटाइम चालवा. सर्व्हर किती वेळ सलग चालू आहे ते कळते आणि ही माहिती फार कामाची आहे. सकाळी नऊला अपटाइम चार तासांचा दिसला, तर पहाटे पाचच्या सुमारास सर्व्हर बसून पुन्हा उठला, हे उघड आहे. पावसाळ्यात खानापूर भागात करंट ये-जा करतो, यूपीएसची बॅटरी उतरते आणि मशीन आपोआप परत सुरू होते. कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशा उठण्यात नेहमी होणारा घोटाळा क्रमाचा. करंट आला की डेटाबेस आणि ग्लासफिश एकदमच उठायला लागतात. डेटाबेसला आपल्या फाइली सावरायला वेळ लागतो, तेवढ्यात ग्लासफिश ॲप्लिकेशन चढवायला जातो, कनेक्शन मिळत नाही आणि चढवणे फसते. डेटाबेस नंतर दोन मिनिटांत तयार होतो, पण ग्लासफिश स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही. यावर इलाज म्हणजे सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिस फाइलमध्ये ग्लासफिशला डेटाबेसच्या मागे ठेवणे. पण ‘आफ्टर’ ही ओळ फक्त सुरू करण्याचा क्रम ठरवते. डेटाबेस कनेक्शन घ्यायला तयार झाला का, याची खात्री त्यातून दर वेळी होत नाही. म्हणून ग्लासफिश सुरू करण्याआधी डेटाबेसचा पोर्ट उघडेपर्यंत थांबणारी छोटी स्क्रिप्ट ‘एक्झेकस्टार्टप्री’मध्ये ठेवलेली बरी.

यादी आणि तिच्यातल्या खाचाखोचा

एएसॲडमिन लिस्ट-ॲप्लिकेशन्स --लाँग

तीन रकाने येतात: नाव, प्रकार आणि स्थिती. प्रकारात वेब, ईजेबी, कनेक्टर, ॲपक्लायंट, वेबसर्व्हिस असे शब्द दिसतात. एकाच ॲप्लिकेशनला एकापेक्षा जास्त प्रकार असू शकतात. फक्त वेब घटक हवे असतील तर --टाइप वेब जोडा. जुन्या आवृत्त्यांवर शिकलेले लोक लिस्ट-कंपोनंट्स वापरतात. तीच माहिती, तीही चालते.

‘नथिंग टु लिस्ट’ असे आले तर घाबरायचे कारण नाही. ही आज्ञा काही सांगितले नाही तर ‘सर्व्हर’ नावाच्या मूळ इन्स्टन्सवरचीच (सर्व्हरच्या एका चालत्या प्रतीवरचीच) यादी देते. ॲप्लिकेशन क्लस्टरवर (अनेक इन्स्टन्सच्या गटावर) चढवलेले असेल तर ते इथे दिसणार नाही. आज्ञेच्या शेवटी क्लस्टरचे नाव लिहा, किंवा सगळेच बघायचे असेल तर ‘डोमेन’ हा शब्द लिहा. क्लस्टर असेल तर एएसॲडमिन लिस्ट-इन्स्टन्सेस --लाँग हीसुद्धा चालवा. ॲप्लिकेशन बरोबर असूनही त्याचा इन्स्टन्सच झोपलेला असतो.

प्रत्येक आज्ञेखाली ‘कमांड एक्झिक्यूटेड सक्सेसफुली’ अशी ओळ येते. ती आज्ञेबद्दल आहे, तुमच्या ॲप्लिकेशनबद्दल नाही. शो-कंपोनंट-स्टेटस ही आज्ञासुद्धा ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’ एवढेच सांगते, म्हणजे पुन्हा तीच कागदावरची नोंद. या दोन्ही आज्ञांवर भिस्त ठेवून “सर्व्हर ठीक आहे” असे कुणाला सांगू नका.

खरी परीक्षा: आतले घटक

एएसॲडमिन लिस्ट-सब-कंपोनंट्स सोसायटी

ही आज्ञा प्रत्यक्ष चढलेल्या ॲप्लिकेशनची माहिती विचारते, म्हणून ती इतकी मोलाची. ॲप्लिकेशन नोंदीत असले आणि चढलेले नसले, तर इथे ते एनेबल्ड स्थितीत नाही असा संदेश येतो. आधीच्या यादीत ‘एनेबल्ड’ आणि इथे नकार, अशी जोडी सापडली की रोगाची जागा कळली: सुरू होताना चढवणे फसले आहे.

सगळे ठीक असेल तर ईअरमधल्या मॉड्यूलची नावे येतात. मग एकेका मॉड्यूलच्या आत शिरा:

एएसॲडमिन लिस्ट-सब-कंपोनंट्स --ॲपनेम सोसायटी पिग्मी.वॉर

मॉड्यूलचे नाव आधीच्या उत्तरात जसे दिसले अगदी तसेच लिहायचे, .वॉर किंवा .जार धरून. उत्तरात प्रत्येक घटकाचे नाव आणि कोनी कंसात प्रकार येतो: सर्व्हलेट (वेबवरच्या विनंतीला उत्तर देणारा घटक), स्टेटलेस सेशन बीन, मेसेज ड्रिव्हन बीन वगैरे. फक्त बीन हवे असतील तर --टाइप ईजेबीज, फक्त सर्व्हलेट हवे असतील तर --टाइप सर्व्हलेट्स. आपल्या उदाहरणात पिग्मीची जमा घेणारा घटक या यादीत आहे की नाही, हेच बघायचे.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये एक अडचण हमखास येते. ग्लासफिश ६ पासून सर्व्हलेट, ईजेबी (बीन) वगैरेंची पॅकेजे (क्लासचे गट) ‘जावाएक्स’ ऐवजी ‘जकार्ता’ या नावाने सुरू होतात. जुन्या पुस्तकातला किंवा सीनिअरकडून आलेला कोड ‘जावाएक्स’चा असतो. अशी वॉर फाइल चढते, लॉगमध्ये आरडाओरडा होत नाही, यादीत ‘वेब’ म्हणून दिसते आणि ब्राउझरमध्ये मात्र ४०४ (पान सापडले नाही) येतो. कारण सर्व्हलेटवरची जुनी खूण (ॲनोटेशन) नव्या सर्व्हरला ओळखू येत नाही, तो तिच्याकडे काणाडोळा करतो. लिस्ट-सब-कंपोनंट्समध्ये तुमच्या सर्व्हलेटचे नावच नसते आणि तिथेच उत्तर मिळते. कोड बदलायचा नसेल तर ग्लासफिश ५ वापरा आणि त्याच्यासाठी जावा ८ ठेवा. ग्लासफिश ७ ला किमान जावा ११ लागते.

ऑटोडिप्लॉय फोल्डरमध्ये फाइल टाकून चढवण्याची सवय असेल तर तिथल्या खुणाही वाचा. फाइलच्या नावापुढे ‘_डिप्लॉइड’ लागलेली रिकामी फाइल म्हणजे चढली, ‘_डिप्लॉयफेल्ड’ म्हणजे फसली. मात्र ही खूण चढवण्याच्या वेळची आहे. नंतर सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा काय झाले, ते ती सांगत नाही.

फसण्याचे कारण लॉगमध्ये असते. डोमेनच्या फोल्डरात लॉग्ज, त्यात सर्व्हर.लॉग. त्यात ‘एक्सेप्शन व्हाइल लोडिंग द ॲप’ हे शब्द शोधा आणि त्याखालची ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी शेवटची ओळ आधी वाचा. खरे कारण तिथे असते, वरच्या पन्नास ओळी तिचेच पडसाद असतात. जुन्या आवृत्त्यांत ही फाइल सुमारे २ एमबी झाली की बाजूला सारून नवी सुरू होते. त्यामुळे पहाटेची चूक आजच्या फाइलीत नसून तारीख लागलेल्या जुन्या फाइलीत असण्याची शक्यता धरा.

करंट गेल्यावर सर्व्हर अर्धवट उठतो, मॉड्यूलच्या नावाने विचित्र चुका येतात, असे झाले तर डोमेन थांबवून त्यातले ओएसजीआय-कॅश हे फोल्डर काढून टाका आणि पुन्हा सुरू करा. ते फोल्डर सर्व्हर स्वतः नव्याने बनवतो. तुमची ॲप्लिकेशन किंवा सेटिंग त्यात नसतात.

घटक चालू, पण काम होत नाही

घटक यादीत आहे तरी पिग्मी चढत नाही, असे असेल तर डेटाबेसकडे वळा. डेटाबेसशी जोडून तयार ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा म्हणजे पूल. आपल्या उदाहरणात त्याचे नाव सोसायटीपूल.

एएसॲडमिन पिंग-कनेक्शन-पूल सोसायटीपूल

हे पिंग नवे कनेक्शन करून बघते. पूलमध्ये आधीपासून पडून असलेली कनेक्शने ते तपासत नाही. रात्री डेटाबेस पुन्हा सुरू झाला असेल तर पूलमधली जुनी कनेक्शने मेलेली असतात: पिंग यशस्वी, ॲप्लिकेशन मात्र अडखळते. अशा वेळी फ्लश-कनेक्शन-पूल चालवून पूल रिकामा करा. कायमचा उपाय म्हणून पूलच्या सेटिंगमध्ये कनेक्शन व्हॅलिडेशन चालू करा. वापरण्याआधी प्रत्येक कनेक्शन तपासले जाईल. थोडा वेळ जातो, पण वसुलीच्या वेळी गोंधळ होत नाही.

पूलमध्ये मुळात जास्तीत जास्त ३२ कनेक्शने असतात आणि मोकळे कनेक्शन मिळण्यासाठी ६० सेकंद वाट बघितली जाते. लॉगमध्ये ‘इन-यूज कनेक्शन्स इक्वल मॅक्स-पूल-साइज’ अशी ओळ आली, तर लगेच आकडा वाढवू नका. बहुतेक वेळा कोडमध्ये कुठेतरी कनेक्शन उघडून बंद केलेले नसते, आणि आकडा वाढवल्याने तीच चूक काही तास पुढे ढकलली जाते.

दुसरी कोंडी थ्रेडची, म्हणजे एका वेळी एक विनंती हाताळणाऱ्या धाग्यांची. ग्लासफिशच्या जुन्या आवृत्त्यांत एचटीटीपी थ्रेड पूलची कमाल मर्यादा मुळात ५ असते. प्रोजेक्टला ती पुरते. संध्याकाळी सात वाजता वीस एजंट एकदम यंत्रे जोडतात, तेव्हा पाच थ्रेड अडकतात आणि सहाव्याला रांगेत थांबावे लागते. काउंटरची पानेही त्याच रांगेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते सर्व्हर पडला. मर्यादा ॲडमिन कन्सोलमध्ये सर्व्हर-कॉन्फिगखाली थ्रेड पूल्स इथे दिसते. ५० पर्यंत वाढवायला हरकत नाही, फक्त डेटाबेस पूलशी मेळ ठेवा. अडकलेले थ्रेड बघायचे तर:

जेसीएमडी (प्रोसेस क्रमांक) थ्रेड.प्रिंट

कंसाच्या जागी मघाचा आकडा लिहा. ‘थ्रेड’ शब्दाचे पहिले अक्षर इथे मोठे असते. ही आज्ञाही सर्व्हर ज्या युजरचा आहे त्याच युजरने द्यावी लागते. उत्तरात एचटीटीपी-लिसनर-१ या नावाचे थ्रेड शोधा. सगळे एकाच ओळीवर थांबलेले दिसले, तर ती ओळ म्हणजे अडलेली जागा. दहा सेकंदांनी पुन्हा एकदा घ्या. दोन्ही वेळा तेच थ्रेड त्याच जागी असतील तर अडकलेत, जागा बदलली असेल तर नुसते कामात आहेत.

रात्रीचे व्याज लागले नाही, अशी तक्रार असेल तर एएसॲडमिन लिस्ट-टायमर्स बघा. प्रत्येक इन्स्टन्सकडे किती पर्सिस्टंट टायमर (रीस्टार्टनंतरही टिकणारी ठरवलेल्या वेळेची कामे) आहेत, तो आकडा येतो. शून्य आले आणि कोडमध्ये टायमर पर्सिस्टंट ठेवलेला असेल, तर व्याज.जार चढलेले नाही असे समजा. कोडमध्ये पर्सिस्टंट ‘फॉल्स’ केलेले असेल तर तो टायमर या यादीत येणार नाही, आणि सर्व्हर बंद असताना हुकलेली वेळ नंतर भरूनही निघणार नाही. आणखी एक गोष्ट आवर्जून तपासा: मशीनची वेळ. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर रात्री ११:३० ला ठरवलेले काम आपल्याकडे पहाटे ५ वाजता होते. जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्राम) ऑप्शनमध्ये युजर.टाइमझोन आशिया/कोलकाता असे देऊन टाका.

पावतीवर मराठी आणि कन्नड नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येत असतील, तर बहुधा घटक बंद नसून एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) चुकलेले असते. जावा १८ पासून यूटीएफ-८ मुळातच आहे. त्याआधीच्या जावावर फाइल.एन्कोडिंग यूटीएफ-८ असे जेव्हीएम ऑप्शनमध्ये स्पष्ट लिहावे लागते, आणि डेटाबेसचा कॅरेक्टर सेटही वेगळा तपासावा लागतो.

शेवटची पायरी प्रत्यक्ष विनंतीची. पहिले पान उघडले म्हणून समाधान मानू नका. ते पान डेटाबेसला हात न लावताच येत असेल. ज्याला डेटाबेस लागतो असा एखादा पत्ता कर्ल या आज्ञेने बोलवा आणि उत्तराचा आकडा बघा. २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे घटक नाही किंवा पत्ता चुकला, ५०० म्हणजे घटक आहे पण आत फसतोय, ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या नाही म्हणतोय. वेब सर्व्हिस असेल तर पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि डब्ल्यूएसडीएल लावून वर्णन येते का ते पाहा.

टॉमकॅट आणि वाइल्डफ्लाय

टॉमकॅटवर मॅनेजर ॲप्लिकेशनच्या /मॅनेजर/टेक्स्ट/लिस्ट या पत्त्यावर कर्लने जा. प्रत्येक ओळीत पत्ता, रनिंग किंवा स्टॉप्ड, सेशनची संख्या आणि फोल्डर, हे चारही अपूर्णविरामाने वेगळे केलेले येतात. यासाठी युजरला मॅनेजर-स्क्रिप्ट हा रोल लागतो. मॅनेजर-गुई असून चालत नाही. ४०१ म्हणजे पासवर्ड चुकला, ४०३ म्हणजे रोल नाही किंवा तुम्ही दुसऱ्या मशीनवरून येताय.

वाइल्डफ्लाय या आणखी एका जावा सर्व्हरमध्ये जेबॉस-सीएलआय --कनेक्ट करून ९९९० पोर्टवर जोडायचे आणि डिप्लॉयमेंट-इन्फो म्हणायचे. इथे एनेबल्ड आणि स्टेटस असे दोन वेगळे रकाने असतात, त्यामुळे ‘एनेबल्ड ट्रू, स्टेटस फेल्ड’ हे सरळ दिसते. या बाबतीत वाइल्डफ्लाय ग्लासफिशपेक्षा स्पष्ट आहे. डिप्लॉयमेंट्स फोल्डरमधल्या .डिप्लॉइड आणि .फेल्ड या खुणांच्या फाइलीही उपयोगी; .फेल्ड फाइल उघडली तर कारण आतच लिहिलेले असते.

रीस्टार्ट करण्याआधी

रीस्टार्टने काम सुरू होते, पण थ्रेडची स्थिती आणि पूलची अवस्था पुसली जाते. संध्याकाळी एजंट रांगेत उभे असले तरी दोन मिनिटे काढा: थ्रेड.प्रिंटचे उत्तर दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा फाइलमध्ये घ्या, लिस्ट-ॲप्लिकेशन्स आणि लिस्ट-सब-कंपोनंट्सची उत्तरे साठवा, सर्व्हर.लॉगची प्रत बाजूला ठेवा. मग एएसॲडमिन रीस्टार्ट-डोमेन. अडचण फक्त एका ॲप्लिकेशनची असेल तर सगळा डोमेन हलवायची गरज नाही: डिसेबल सोसायटी आणि मग एनेबल सोसायटी. एनेबल करताना चढवणे फसले तर चूक तिथल्या तिथे स्क्रीनवर येते, लॉगमध्ये शोधावी लागत नाही.